चिप बंद होत नाही म्हणे! कार्डाला खिळा मारण्याआधी हे वाचा

सोयाबीनचे पैसे खात्यात पडले त्याच दिवशी आमच्या गावचे एक काकाजी माझ्या सेवा केंद्रावर आले. "भाऊ, हे कार्ड मशीन घेऊनच नाही रायली." कार्ड पाहतो तर सोनेरी चौकोनाच्या मधोमध खिळ्याचं आरपार भोक. "म्या चिप मारली ना तिची. मेसेज नाही वाचला काय तू?"

वाचला होता. दारव्ह्यापासून पांढरकवड्यापर्यंत बहुतेक सगळ्यांनीच वाचला असावा. मजकूर थोडक्यात असा: जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला, गाडीच्या काचेवरचा फास्टॅग आणि बँकेचं टॅपवालं (मशीनला नुसतं टेकवून पैसे देतं ते) कार्ड, तिन्हींत एकच चिप असते. ती उपग्रहाला जोडलेली असते. बैलबाजारात चोर खिशाला मशीन लावून पैसे ओढतात. मालकाला ही चिप बंद करता येत नाही. म्हणून बिल्ला कापा, कार्डाला खिळा मारा आणि दहा ग्रुपवर पाठवा.

बिल्ल्याचं आधी उरकतो, कारण त्यात चिपच नाही. साधं प्लास्टिक आहे. त्यावर १२ आकडी नंबर आणि बारकोड छापलेला असतो. जनावर कोणाचं, लाळ्या-खुरकुताची लस कधी टोचली, हे सगळं सरकारच्या 'भारत पशुधन' या ऑनलाइन नोंदीत असतं, कानात नाही. बिल्ला कापला तर नोंद तशीच राहते आणि जनावर मात्र विकता येत नाही. १ जून २०२४ पासून आपल्या राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री बंद आहे. जनावरांसाठी खरी चिप निघते, नाही असं नाही. तांदळाच्या दाण्याएवढी असते, कातडीखाली टोचतात. पण तीही रीडर, म्हणजे चिप वाचणारं मशीन, अगदी जवळ नेल्याशिवाय बोलत नाही.

आता उपग्रह. ही गोष्ट जुनीच आहे, फक्त तिनं कपडे बदलले. २०१६ च्या नोटबंदीत दोन हजाराच्या नोटेत चिप आहे म्हणून आमच्या पानठेल्यावर लोक नोट उन्हाकडे धरून पाहत होते. मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ती नोट मागे घ्यायचं जाहीर केलं, तोवर चिप काही कोणाला सापडली नाही.

फास्टॅगमध्ये आणि टॅपच्या कार्डात चिप आहे, हे खरं. पण त्यांत बॅटरी नसते. समोरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो, त्यातूनच चिपला घोटभर वीज मिळते आणि तेवढ्यापुरती ती उत्तर देते. विहिरीत डोकावून हाक मारली तर आवाज परत येतो. विहीर आपणहून कोणाला हाक मारत नाही. कार्डाची हाक पोहोचते चारेक सेंटिमीटर, फास्टॅगची काही मीटर. दोन्ही एकच, हेही चूक. कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं, फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या. टोलनाक्याच्या रीडरला तुमचं कार्ड दिसतच नाही.

लांबून माग काढायला काय लागतं ते आपल्या यवतमाळ जिल्ह्यानंच पाहिलंय. टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये पट्टा बांधला होता. पुढे 'वॉकर' म्हणून गाजला तोच. वावरं, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणातही डोकावून, सुमारे ३,००० किलोमीटर चालला आणि बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन थांबला. त्याची वाट नकाशावर उमटली, कारण गळ्यातल्या जाड पट्ट्यात जीपीएस होतं, माहिती धाडणारं यंत्र होतं आणि त्यांना पुरेल अशी बॅटरी होती. एवढा वाघ, एवढा पट्टा, तरी बॅटरीला शेवट होताच. २०२० मध्ये पट्टा काढला. आणि आपण म्हणतो, गोऱ्ह्याच्या कानातलं प्लास्टिक दिल्लीला बातम्या धाडते!

एक मात्र कबूल. समृद्धी महामार्गावर कुठे चढलात, कुठे उतरलात, ही नोंद फास्टॅगमुळे होते. तिथे रीडर टांगलेलाच आहे. पण मधल्या ढाब्यावर किती वेळ बसलात, ते त्या टॅगला ठाऊक नसतं.

चोरांच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, म्हणून तिथे जपून बोलायला पाहिजे. फास्टॅगपुरतं सोपं आहे. २०२२ मध्ये एक पोरगा काच पुसता पुसता मनगटी घड्याळानं टॅगमधले पैसे ओढतो, असा व्हिडिओ फिरला होता. ते होत नाही. फास्टॅगचे पैसे नोंदणी झालेल्या टोलनाक्याला किंवा पार्किंगलाच जातात, माणसाच्या खात्यात जातच नाहीत.

कार्डाचं तसं नाही. १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न टाकता टॅपवर होऊ शकतो. म्हणजे कोणी मशीन तुमच्या खिशाला अगदी भिडवलं तर पैसे जाणं अशक्य नाही. पण ते मशीन बँक कागदपत्रं घेऊन दुकानदाराला देते आणि पैसे त्याच्याच खात्यात पडतात. चोरी करून पावतीवर स्वतःचं नाव छापून देण्यासारखं झालं हे. पाकिटात अशी दोन कार्डं एकावर एक असली तर मशीन बहुतेकदा गोंधळतंही. मला खरी भीती वाटते ती कार्ड हरवण्याची. बाजारात पडलेलं कार्ड ज्याला सापडेल त्याला पिनची गरज नाही. तिथे टॅप बंद करायचं बटण कामी येतं.

आणि बटण आहे. मेसेजमधली सगळ्यात खोटी ओळ हीच. रिझर्व्ह बँकेनं १५ जानेवारी २०२० ला परिपत्रक काढलं, त्याच वर्षी ते लागू झालं. टॅप, ऑनलाइन, परदेशी व्यवहार, यातलं जे नको ते ग्राहकानं स्वतः बंद करायचं, हवं तेव्हा चालू करायचं, रात्री-बेरात्रीसुद्धा. मोबाइल ॲप आहे, फोनवर बटणं दाबून आहे, एटीएमवरही सोय ठेवायला सांगितलेली आहे. फक्त गिफ्ट कार्डं आणि बस-मेट्रोची कार्डं यातून वगळलेली आहेत. बरं, आपल्याकडच्या कित्येक जुन्या रुपे कार्डांवर टॅपची सोयच नाही. कार्डावर चार कमानींची खूण नसेल तर बंद करायचं काय?

बिनतारी टॅग मालकाला बंद करता यावा, ही मागणी जगात जुनी आहे. २००३ मध्ये बेनेटन या इटलीच्या कंपनीच्या कपड्यांत असे टॅग शिवणार, अशी बातमी आली. ग्राहकांनी बहिष्काराची हाक दिली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. मालावरच्या टॅगसाठी नंतर जे मानक आलं त्यात टॅग कायमचा मारून टाकण्याची आज्ञाच आहे. रीडरनं पासवर्डसह ती दिली की टॅग पुन्हा उठत नाही. पण पासवर्ड दुकानदाराकडे, आणि टॅग मेला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून २००५ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी साधी युक्ती सुचवली: तिकिटाचा तुकडा फाडावा तसा टॅगच्या अँटेनाचा, म्हणजे लहरी पकडणाऱ्या तारेचा, तुकडा फाडायचा. चिप जिवंत राहते, पण तिचा आवाज काही सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, आणि फाटलेली कड मालकाला दिसते. मला ही युक्ती सगळ्यात आवडते. म्हातारीलाही समजेल अशी आहे.

फास्टॅगला मात्र असं बटण नाही, इथे मी मेसेजवाल्याच्या बाजूनं आहे. काचेवरून काढून डॅशबोर्डमध्ये ठेवावा आणि लागेल तेव्हा हातात धरावा, तर असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकायचं महामार्ग प्राधिकरणानं जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं. जुनी गाडी विकली तर मात्र टॅग देणाऱ्या बँकेकडून तो बंद करून घ्या. नाहीतर गाडी दुसऱ्याची आणि टोल तुमचा.

राहिला खिळा. टॅपची अँटेना म्हणजे कार्डाच्या आत फिरवलेला बारीक तारेचा वेढा. सोनेरी चौकोनाखाली असते ती चिप, आणि एटीएमही तीच चिप वाचतं. काकाजींनी नेमका नेम धरला होता. टॅपसकट एटीएमही गेलं. त्या दिवशी त्यांना पासबुक घेऊन बँकेच्या रांगेत उभं राहावं लागलं.

नवं कार्ड आल्यावर ते टॅप बंद करायला माझ्याकडे आले. ॲप उघडलं तर टॅप आधीच बंद. त्या परिपत्रकाप्रमाणे नवं कार्ड येतं तेच एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं, टॅप चालू करायला आपल्यालाच सांगावं लागतं. आणि ज्या जुन्या कार्डावर कधीच टॅप केलं नाही, त्यांचंही टॅप बंद करायचा तोच हुकूम होता.

"म्हंजे त्या जुन्याचंही बंदच होतं काय?"

"हाव काकाजी."

ते थोडा वेळ कार्डाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बिल्ला तर नाही कापला ना म्या, तेवढं बरं झालं."