सातासमुद्रापार एक फाटक

रेल्वेच्या फाटकाशी माझे लहानपणापासून वैर आहे. आमच्या गावी घर फाटकाच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे असल्यामुळे, उन्हात मालगाडीचे डबे मोजण्यात आणि दांड्याखालून सायकल तिरकी करून काढताना पकडले जाण्यात माझे अर्धे बालपण खर्ची पडले. पुढे तिथे उड्डाणपूल झाला, तेव्हा मी पेढे वाटले होते. अशा माणसाला साठीच्या उंबरठ्यावर, मुदत ठेव मोडून, फाटक पाहण्यासाठी जपानला जावे लागले, याला मी नियतीचा सूड म्हणतो. आमची कन्या त्याला ‘सेइची जुनरेई’ म्हणते.

या शब्दांचा अर्थ तीर्थयात्रा. अ‍ॅनिमेतील, म्हणजे जपानी कार्टून-चित्रपटांतील आणि मालिकांतील, प्रसंग ज्या खऱ्या ठिकाणांवरून चितारलेले असतात तिथे जायचे आणि पडद्यावरच्या चौकटीशी तंतोतंत जुळेल असा फोटो काढायचा, असा हा विधी आहे. शिकोकू बेटावरील 88 मंदिरांच्या यात्रेच्या धर्तीवर तिकडे अ‍ॅनिमेच्या 88 स्थळांची यादीही केली जाते. “आपण त्यातली फार थोडी करतोय, बाबा,” असे कन्येने मला उपकाराच्या स्वरात सांगितले.

आदल्या दिवशी तोक्योतील योत्सुया भागात, सुगा देवळाजवळच्या जिन्यावर माझी परीक्षा झाली होती. ‘किमी नो ना वा’ या 2016 सालच्या चित्रपटाच्या शेवटी नायक आणि नायिका या जिन्यावर एकमेकांना ओलांडून जातात आणि मग मागे वळून पाहतात. कन्या वरून उतरणार आणि मी खालून चढणार, असे ठरले. लाल कठड्याला धरून मी तो जिना चार वेळा चढलो, आणि चारही वेळा मागे वळताना माझ्या चेहऱ्यावर पूर्वजन्मीची ओळख उमटण्याऐवजी गुडघा उमटला. शेवटी तिने पायऱ्यांचा नुसताच फोटो काढला.

फाटकासाठी तोक्योहून तासाभरावर असलेल्या कामाकुराला जावे लागते. तिथून एनोदेन ही 1902 साली सुरू झालेली, जेमतेम दहा किलोमीटरची हिरवी-पिवळसर गाडी घरांच्या परसांना जवळजवळ खेटून समुद्राकडे निघते. वाटेत हासे स्थानक आले. तिथे तेराव्या शतकातील ब्राँझची भव्य बुद्धमूर्ती आहे, आणि सगळ्या सहलीत मी स्वतःसाठी मागितलेली गोष्ट तेवढी एकच होती. “येताना बघू,” कन्या म्हणाली. येताना बघू म्हणून ठेवलेले काहीही आमच्या घराण्यात आजवर कोणी पाहिलेले नाही.

कामाकुरा-कोको-माए, म्हणजे ‘कामाकुरा हायस्कूलसमोर’, या स्थानकाजवळ ते फाटक आहे. 1993 साली सुरू झालेल्या ‘स्लॅम डंक’ या बास्केटबॉलच्या मालिकेच्या शीर्षकगीतात ते दिसते. उतारावरून खाली येणारा रस्ता, रुळ, आणि मागे लख्ख समुद्र. फाटक म्हणून ते देखणे आहे, हे मी वैर बाजूला ठेवून मान्य करतो. पण तिथे देशोदेशींचे एवढे लोक फोन उंचावून उभे होते, की त्यांना रस्त्यातून बाजूला करण्यासाठी पहारेकरी नेमले होते आणि अनेक भाषांत सूचना लावल्या होत्या. फाटक उघडे असताना कोणीही रूळ ओलांडायला उत्सुक नव्हते. घंटा वाजून दांडे खाली येऊ लागले की मात्र सगळ्यांच्या तोंडून आनंदाचा चीत्कार निघे. फाटक बंद व्हावे म्हणून ताटकळणारी माणसे मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो.

गाडी आली की ढग येई, ढग सरला की मधे कोणाची तरी छत्री येई. सौभाग्यवती समुद्राकडे पाहत चिवडा खात होत्या. “अहो, आपल्याकडे मुरुडला हेच फुकट दिसतं,” एवढेच त्या म्हणाल्या. सहाव्या गाडीला ढग नव्हता, छत्री नव्हती, आणि “बाबा, जरा डावीकडे!” ही आज्ञा पाळून मी डावीकडे सरकलो तो थेट रस्त्यात. पहारेकरी हात पसरून माझ्याकडे धावला आणि काहीतरी अतिशय नम्रपणे ओरडला.

परतताना हासेला उतरलो, तेव्हा बुद्धाचे दार बंद झालेले होते.

रात्री हॉटेलात फोटो पाहिला. गाडी, समुद्र, आकाश, सगळे मालिकेतल्यासारखे जुळले होते. फक्त कोपऱ्यात पसरलेला एक हात आणि त्यापुढे माझी माकडटोपी होती. कन्येने दहा मिनिटे खपून मला त्यातून काढून टाकले. हात तेवढा निघाला नाही.