शब्दावर अविश्वास ठेवण्याची कारणे

रोहिंग्यांबद्दल किंवा कोण परकीय हे ठरवणाऱ्या आसाममधील न्यायाधिकरणांबद्दल भारतात चालणारी चर्चा मी कॅनडातून वाचतो, तेव्हा एक प्रश्न त्यात हमखास राहून गेलेला दिसतो. किती जणांना थारा द्यायचा यावर आपण हिरिरीने बोलतो; पण समोरच्याची हकीकत खरी की रचलेली हे कोण ठरवणार, आणि त्या ठरवणाऱ्याकडे कारणे कोण मागणार, हे विचारत नाही.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ एप्रिल १९८५ रोजी ‘सिंग’ प्रकरणाचा निकाल दिला, त्यात आश्रय मागणारे बहुतेक अर्जदार भारतातून आलेले शीख होते. निर्णय माणसाच्या विश्वासार्हतेवर ठरणार असेल, तर नुसते कागद न पाहता त्याचे म्हणणे समक्ष ऐकले पाहिजे, असे न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी त्यात म्हटले. शपथेवर सांगितलेले, शंकेला आधार नसेल तोवर, खरे धरावे हे तत्त्व कॅनडातीलच त्याआधीच्या ‘माल्डोनाडो’ निकालापासूनचे आहे.

तरीही आश्रयाचे दावे फेटाळले जातात ते पुष्कळदा तपशिलांवर. अर्जात मारहाण मार्चमधली असते, सुनावणीत ती मेमध्ये जाते. किंवा जिवाची भीती असलेला माणूस घरी परतलाच नसता, असे निर्णय देणाऱ्याला वाटते. छळ सोसलेल्यांना तारखांचा क्रम नीट आठवेलच असे नाही, आणि भ्यालेला माणूस आजारी आईसाठी परततोही. खोटे दावे होतात, आपल्या देशबांधवांकडूनही होतात, हे मी नाकारत नाही. खऱ्याखोट्याची निवड करायची म्हणूनच कारणे काटेकोर हवीत. अशा नकाराविरुद्ध जिथे जाता येते ते कॅनडाचे फेडरल न्यायालय हकीकत नव्याने तोलत नाही, आश्रयही देत नाही; दिलेली कारणे निष्कर्षापर्यंत सुसंगतपणे पोहोचतात का, एवढेच पाहते आणि पोहोचत नसतील तर प्रकरण बहुधा निर्णय देणाऱ्या निर्वासित मंडळाच्या दुसऱ्या सदस्याकडे फेरविचारासाठी पाठवते. मात्र तिथे दाद मागण्यासाठी आधी न्यायालयाचीच परवानगी लागते, आणि ती नाकारताना सहसा कारण दिले जात नाही. सगळी तपासणी ज्या कारणांवर उभी, तीच या टप्प्यावर गाळली जावीत, हे मला मुळीच पटत नाही.

भारताने १९५१ चा निर्वासितविषयक करार स्वीकारलेला नाही आणि आश्रयाचा स्वतंत्र कायदाही केलेला नाही. राज्यघटनेच्या कलम २१ चे, म्हणजे जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे, संरक्षण परकीयांनाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितले. पण २०२१ मध्ये रोहिंग्यांची पाठवणी थांबवण्यास नकार देताना, विहित प्रक्रिया पाळली जावी, एवढीच अट घातली. ती प्रक्रिया म्हणजे छळाच्या भीतीची सुनावणी नव्हे. आसामचा प्रश्न आश्रयाचा नसून नागरिकत्वाचा आहे, पण तिथेही माणसाचा शब्द आणि कागद असेच तोलले जातात. नावांच्या स्पेलिंगमधील आणि तारखांमधील किरकोळ तफावतींवरून कोणाला परकीय ठरवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले, तेव्हा त्या प्रकरणातील माणूस हयात नव्हता. आश्रयाचा कायदा येईल तेव्हा येवो. तोवर पाठवणीच्या प्रत्येक आदेशापूर्वी समक्ष सुनावणी, त्यावर लेखी कारणे आणि ती उच्च न्यायालयाकडून तपासून घेण्याइतकी मुदत, एवढे तरी आपण आत्ताच मागायला हवे.