९५ टक्केवाला चतुर आणि 'नापास' ससाणा

'चतुराची शिकार शंभरातून ९५ वेळा साधते, बहिरी ससाण्याची जेमतेम २०-२५ वेळा. शिवाय चतुराला ३०,००० डोळे आणि ताशी ९७ किमी वेग. म्हणजे ससाण्यापेक्षा चतुरच सरस शिकारी.' ही पोस्ट पुन्हा फिरते आहे.

९५ चा आकडा हवेतून आलेला नाही. २००० सालच्या एका अभ्यासात चतुरांचं यश ९७ टक्क्यांपर्यंत भरलं होतं. पण ते चतुर काडीवर बसून टपणारे होते. तासन्‌तास उडत राहणाऱ्या जातींना तो आकडा सरसकट लावता येत नाही.

खरा घोळ 'प्रयत्न' कशाला म्हणायचं, यात आहे. काडीवरचा चतुर समोरून जाणाऱ्या प्रत्येक किड्यावर झेपावत नाही. किड्याचा दिसणारा आकार आणि वेग यांचा मेळ बसला तरच उडतो, आणि सोडून दिलेले किडे हिशेबात येतच नाहीत. झडप साधारण अर्ध्या सेकंदात संपते. चिलटाला बहुधा पत्ताही लागत नाही. बहिरीसमोर असतं तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचं कबुतर, जवळजवळ चहूबाजूंनी पाहणारं आणि ऐन वेळी गिरकी मारणारं. त्यात कोवळ्या बहिरीचे अर्ध्यावर सोडलेले पाठलाग कुणी मोजतं, कुणी मोजत नाही. म्हणूनच बहिरीचं यश कुठे १० टक्के, तर कुठे ४० च्या वर नोंदलेलं दिसतं.

३०,००० डोळे नव्हेत, एकेका डोळ्यातली तेवढी भिंगं. एक भिंग म्हणजे ढोबळमानाने चित्रातला एक ठिपका. २०० गुणिले १५० ठिपक्यांचा फोटो मोबाइलवर उघडून बघा. बारकाव्यात बहिरी कितीतरी पुढे. चतुर जिंकतो तो झपाट्यात: बहिरीला प्रकाशाच्या सेकंदाला सुमारे १२९ लुकलुकी वेगळ्या कळतात, चतुराला त्याहून बऱ्याच जास्त.

वेगाचं थोडक्यात. ९७ हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा ऑस्ट्रेलियातला दावा, पुढे कधी सिद्ध न झालेला. मोठे चतुर ताशी ५० च्या आसपास जातात; सूर मारणारी बहिरी ३०० ओलांडते.

गंमत म्हणजे डावपेच दोघांचा बराचसा सारखा. भक्ष्याच्या शेपटीमागे न धावता ते जिथे पोहोचणार, तिकडेच दोघं वळतात.

आणि ससाणा विरुद्ध चतुर असा सामना खरोखर होतोच. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या पठारांवर थांबणारे अमूर ससाणे (बहिरीहून लहान, स्थलांतरी) उडते किडे पायांत पकडून हवेतच खातात, त्यांत चतुरही असतात. पुढे आफ्रिकेपर्यंतच्या समुद्रावर, त्याच वाऱ्यावर स्वार झालेले स्थलांतरी चतुर हीच त्यांची शिदोरी असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे.