पोफळीवरचे पांढरे चट्टे रोग नव्हेत
पोफळी-आंब्याच्या खोडावरचे पांढरे चट्टे म्हणजे रस शोषणारी बुरशी, ते खरवडून काढा, असा मेसेज कोकणातल्या बागायतदारांच्या ग्रुपवर फिरतोय. हे चुकीचं आहे. कृपया खरवडू नका, सालीला जखम होते.

हे शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवालाचा एकत्र संसार. अन्न शैवाल उन्हावर तयार करतं. साल फक्त बसायला. भिंगातून पाहा: राखाडी पापुद्र्यावर मोडी अक्षरांसारख्या काळ्या, वळणदार रेघा दिसल्या, तर ते बहुधा ‘ग्राफिस’ किंवा त्याच्या भावकीतलं. (काय सुंदर दिसतं!) ग्राफिस ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आदांसाँ यांनी १७६३ साली मांडली. पुढे बीजाणूंचा रंग आणि त्यांतले कप्पे पाहून या भावकीच्या चार प्रजाती मानत. त्यांतली ‘ग्राफिना’ आता बरीचशी ग्राफिसमध्येच धरतात.