बांध ओलांडणाऱ्याचा कायमचा बंदोबस्त: काही उपयुक्त सूचना

सातबारा उतारा हाती पडताच त्यासोबत आपल्या रानात पाऊल टाकणाऱ्या माणसाचा जीव घेण्याचा परवानाही मिळतो, अशी ज्या सद्गृहस्थांची खात्री झाली आहे, त्यांच्या सोयीसाठी या सूचना लिहीत आहे. हे गृहस्थ आपल्याकडे फार वाढले आहेत. त्यांतले एक आमचे शेजारी आहेत.

गेल्या आठवड्यात आमच्या फीडरला, म्हणजे शेतपंपांच्या वीजवाहिनीला, रात्रीची वीज होती, त्यामुळे मोटार सुरू करायला मध्यरात्रीनंतर विहिरीवर जावे लागे, आणि विहिरीची वाट या शेजाऱ्यांच्या बांधालगत जाते. त्या बांधावरच्या तारेत थेट लाइनवरून करंट सोडलेला आहे, हे मला सकाळी, तेही गड्याकडून कळले. विचारायला गेलो तेव्हा शेजाऱ्यांनी आदराने बसवून चहा दिला आणि म्हणाले, "डुकरांसाठी आहे हो. आणि रात्री दुसऱ्याच्या रानात माणसाने यायचेच कशाला? नवीन कायद्यात तर मारायची परवानगीच दिली आहे." पुरावा म्हणून त्यांनी मोबाइलवर फिरत आलेला एक संदेश मला वाचायला दिला. वहिवाटीने जाणारा माणूस अतिक्रमण करतो का, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसला नाही. तारेला तर तो पडण्याचे कारणच नव्हते.

तेव्हा पहिली सूचना अशी की, कायदा कधीही मुळातून वाचू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ४१ वाचायला घेतले, तर असे दिसून येते की मालमत्तेच्या बचावासाठी समोरच्याचा मृत्यू घडवण्यापर्यंतची मुभा फक्त जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावणे वा ती स्फोटकाने उडवणे, आणि ज्यात आपण प्रतिकार केला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी अशी चोरी, आगळीक (म्हणजे मालमत्तेची मुद्दाम केलेली नासधूस) वा गृहअतिक्रमण, एवढ्याच प्रसंगी आहे. या यादीत शेत नाही, बांध नाही, भुईमूग तर नाहीच नाही. पुढचे कलम ४२ आणखी निराशाजनक आहे, कारण साधी चोरी, साधी आगळीक आणि फौजदारीपात्र अतिक्रमण यांच्या बाबतीत मृत्यूखेरीज अन्य अपाय करण्यावरच ते आपल्याला थांबवते. त्यातही अतिक्रमण फौजदारीपात्र ठरायला आत शिरणाऱ्याचा हेतू गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा असावा लागतो, आणि मोटारीचे बटण दाबायला निघालेल्या माणसाजवळ यांपैकी कोणताही हेतू सहसा सापडत नाही. कलम ३७ सांगते की पोलिसांकडे जायला वेळ असेल तेथे हा हक्कच उरत नाही आणि बचावासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा कधीही करता येत नाही. गंमत म्हणजे यात नवे असे फारसे काही नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९९, १०३ आणि १०४ मिळून जवळपास हेच सांगत होती. परंतु संदेश पाठवणाऱ्याने एवढे वाचले असते, तर त्याने तो संदेश पाठवलाच नसता आणि आपली ज्ञानप्राप्ती राहून गेली असती.

दुसरी सूचना: धोक्याचा फलक लावू नये, कारण डुकरांना वाचता येत नाही आणि माणसे उगाच सावध होतात.

तिसरी सूचना तारेविषयी आहे. बाजारात झटका मशीन मिळते. ते सेकंदाला साधारण एकदा, सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापुरता जोरदार धक्का देते. जनावर दचकून मागे फिरते आणि माणूस शिवी देऊन पुढे जातो. सौर कुंपणासाठी वनालगतच्या गावांना शासनाचे अनुदानही आहे. परंतु अर्ज, कागदपत्रे, खेटे आणि वाट पाहणे हे सारे भित्र्या माणसाचे उद्योग होत. आपण शूर आहात, म्हणून आपण लाइनवर आकडा टाकावा. त्या तारेतला प्रवाह अखंड असतो, त्याने हाताचे स्नायू आवळले जातात, आणि ज्याने तार धरली त्याला ती इच्छा असूनही सोडता येत नाही. रात्री बाराला वीज येते म्हणून उठलेला, एका हातात विजेरी घेतलेला, बांधावरून घसरू नये म्हणून दुसऱ्या हाताने आधार शोधणारा माणूस नेमकी तीच तार धरतो. त्या वेळी आपण घरी पांघरूण घेऊन झोपलेले असता, आणि आपल्या कायदेशीर बचावाची खरी अडचण येथेच आहे. खाजगी बचावाचा हक्क समोर उभ्या असलेल्या धोक्याने धास्तावलेल्या माणसाला आहे. ती भीती वाटण्यासाठी माणूस जागा लागतो, त्याच्यापुढे कोणीतरी असावे लागते, आणि आलेला दरोडेखोर आहे की वाट चुकलेले पोर आहे हे क्षणभर तरी त्याने पाहिलेले असावे लागते. तार काहीच पाहत नाही. तिला डुक्कर, वाघ, बकऱ्यांमागे धावणारी मुलगी आणि आपला स्वतःचा चुलतभाऊ सारखेच. वाघही अशाच तारांना चिकटून मेले आहेत, आणि तेव्हा निदान वनखाते धावत येते.

चौथी सूचना: न्यायालयांचे निकाल चुकूनही पाहू नयेत. बिहारमधील एका गृहस्थांच्या शेजाऱ्यांच्या शौचालयाची भिंत पडली, म्हणून शेजारची माणसे या गृहस्थांचे शौचालय वापरू लागली. त्यांनी मनाई केली, कोणी ऐकले नाही, तेव्हा त्यांनी वाटेत उघडी तांब्याची तार बांधून तिच्यात घरातली वीज सोडली, आणि एक बाई तिला लागून मेली. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ च्या निकालसंग्रहात छापले गेले. ती बाई अतिक्रमण करत होती, हे न्यायालयाने विचारात घेतले, आणि तरीही तिला मारण्याचा परवाना मालकाला मिळत नाही असे सांगून हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दलची शिक्षा कायम केली. तो संदेश पुढे पाठवणारे लोक साठ वर्षांपूर्वी तयार झालेल्या या उत्तराला आजही नवा प्रश्न समजतात.

परदेशाचे दाखले देताना 'अमेरिकेत बघा, सरळ गोळ्या घालतात' एवढेच म्हणून थांबावे. आयोवा राज्यातील एका शेतकरी दांपत्याने ओस पडलेल्या घरातल्या खोलीच्या दाराला बंदूक अशी बांधून ठेवली होती की दार उघडताच ती सुटावी. जुन्या बाटल्या चोरायला आलेल्या चोराचा पाय तिने जबर जखमी केला. चोराने चोरी कबूल केली, आणि तरीही भरपाईच्या दाव्यात त्याला तीस हजार डॉलर मिळाले. १९७१ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, आणि ती रक्कम भागवायला त्या दांपत्याला जमीन विकावी लागली. जमीन राखण्याचा हा मार्ग आपल्याकडच्या रसिकांना निश्चित आवडेल.

शेवटची सूचना पहाटेची आहे. तारेला कोणी चिकटलेले दिसले, तर आधी आकडा काढावा, मग तार गुंडाळावी, मग प्रेत उचलून दुसऱ्याच्या विहिरीत किंवा रस्त्याकडेला टाकावे. हे मी रचून लिहिलेले नाही. अशा बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. मेलेल्याच्या बायकोने दोन दिवस माणूस शोधायचा आणि मारणाऱ्याने तिच्यासोबत शोधायला फिरायचे!

आता सूचना पुरे झाल्या. शेजारी, तुम्ही मला चहा दिलात, म्हणून त्या दिवशी मी गप्प बसून ऐकून घेतले. डुकरांनी तुमच्या भुईमुगाचे एका रात्रीत वाटोळे केले, पंचनामा वेळेवर झाला नाही, भरपाई आली ती चेष्टा वाटावी एवढी. हे सारे खरे आहे, आणि माझ्या रानातही तेच झाले आहे. पण म्हणून अंधारात सापळा लावून झोपायला जाणे हा बचाव होत नाही. त्यात माणूस मेला तर पोलीस त्याच न्याय संहितेतले सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लावू शकतात, ज्यात दहा वर्षांपर्यंत, आणि प्रसंगी जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा तो संदेश पाठवणारा तुमच्या जामिनाला येणार नाही. आणि शिक्षेची भीती नसती तरी काय? रात्रीची वीज तुम्हालाही आहे, मलाही आहे. तुमचा मुलगा ज्या बांधावरून मोटार सुरू करायला जातो तो माझा आहे, आणि त्यावर मी काही बांधलेले नाही. लाज वाटत असेल तर आज संध्याकाळच्या आत ती तार काढा. नाही काढलीत तर उद्या सकाळी मी वीज कंपनीच्या कार्यालयात आणि तेथून पोलीस ठाण्यात जाणार आहे, तुमच्या नावानिशी.