टेस्ला नक्की कोणाचा?

सदाशिव पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर पुन्हा तोच वाद: विजेचा संशोधक निकोला टेस्ला सर्बियाचा की क्रोएशियाचा? अहो, १८५६ साली तो स्मिल्यानला जन्मला तेव्हा ते गाव ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं! घराणं सर्ब, गाव आज क्रोएशियात, १८९१ साली नागरिकत्व अमेरिकेचं. हे सगळं एकाच वेळी खरं असतं, एवढं का पचत नाही?

मेरी क्युरीला नुसतं 'फ्रेंच' म्हणून मोकळे होतात, तेव्हा तर डोकंच फिरतं. रशियाच्या ताब्यातल्या वॉर्सात जन्मलेल्या त्या बाईनं १८९८ साली नव्या मूलद्रव्याला पोलंडचं नाव दिलं. नकाशावर पोलंड हा देशच नसताना!

आणि नोबेलविजेते शास्त्रज्ञ हरगोविंद खुराना? जन्म १९२२चा, मुलतानजवळच्या रायपूरचा. म्हणून ते पाकिस्तानी? फाळणीला अजून पंचवीस वर्षं होती हो!