पसाऱ्याला आळस म्हणण्याआधी

गेल्या आठवड्यात सासरच्या आत्याबाईंनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. त्याआधी तो भिशीच्या ग्रुपवर आणि मुलाच्या वर्गातल्या आयांच्या ग्रुपवरही येऊन गेला होता. मजकूर थोडक्यात असा: एडीएचडी (लक्ष हवं तिथे टिकवता न येण्याचा विकार) हे अमेरिकेतून आलेलं नवं खूळ आहे, आपल्या आज्यांना असलं काही नव्हतं. जिला चार तास बसून रांगोळी काढता येते तिला कपाट आवरता येत नसेल तर तो निव्वळ आळस. एकवीस दिवस मनावर घ्या, सवय लागतेच. सगळं एकसारख्या डब्यांत भरून कपाटात बंद करा. आणि गोळ्यांच्या नादी लागू नका.

मी इंदूरला राजेंद्र नगरात राहते. वय एक्केचाळीस. तीन वर्षांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी मला एडीएचडी असल्याचं सांगितलं. तोवर माहेरी आणि सासरी मला जे जे म्हटलं गेलं ते सगळं या एका मेसेजात आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी नवं खूळ. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरांनी लक्ष न टिकणाऱ्या माणसांचं वर्णन १७९८ मध्ये लिहून ठेवलं आहे. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडनला अशाच मुलांवर व्याख्यानं दिली. नाव बदलत गेलं, ‘एडीएचडी’ हे नाव १९८७ चं, पण माणसं तीच. आणि आपल्या भाषेचं काय? वेंधळी, धांदरट, गबाळी, विसरभोळी, हे शब्द आपल्याच घरांतले आहेत. प्रत्येक वेंधळ्या माणसाला एडीएचडी असतो असं मुळीच नाही. निदानासाठी लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात आणि घर, शाळा, ऑफिस अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. थायरॉइड, नैराश्य, अपुरी झोप यांनीही माणूस असाच होऊ शकतो, म्हणून तपासून घ्यावं लागतं. पण कामांची जुळणी न जमणं, गरजेच्या वस्तू हरवणं, रोजची कामं विसरणं हे निदानाच्या निकषांतच लिहिलेलं आहे. पसारा हा त्याचाच दिसणारा भाग.

आता रांगोळी, कारण सगळ्यात जास्त लागतं ते हेच. हो, मी काढते चार तास रांगोळी. एडीएचडीत लक्ष नसतंच असं नाही, ते हवं तिथे वळवता येत नाही. आवडीचं, नवं किंवा अगदी गळ्याशी आलेलं काम असेल तर मेंदू धरून ठेवतो, एरवी सुटतो. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा आणि कपाळामागच्या मेंदूच्या भागाचा त्याच्याशी संबंध आहे, आणि हे घराण्यातून उतरतं. माझ्या आधी माझ्या मुलाचं निदान झालं, त्यावरून माझं.

एका रविवारची गोष्ट सांगते. दहा वाजता धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन पलंगावर बसले. तिसऱ्या घडीला मुलाच्या शाळेच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं. सुईदोऱ्याचा डबा आणायला उठले. डब्यात सासूबाईंच्या चष्म्याची पावती सापडली, म्हणून दुकानात फोन लावला. फोन लागेपर्यंत ओट्यावरचं दूध दिसलं, ते तापत ठेवलं, तिथेच उभ्याने मटार सोलायला घेतले. साडेबाराला खोलीत आले तर पलंगावर तीन घड्या, टोपली भरलेली, आणि बटण तुटलेलंच. अडीच तास मी एकदाही टेकले नव्हते. याला आळस म्हणायचं असेल तर आळशी माणूस इतका थकत नाही, एवढंच सांगते. त्या दिवशी मी टोपलीशेजारी बसून रडले होते.

एकवीस दिवसांचं लवकर आटपते. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटना किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ गळाला आणि नियम झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर अभ्यास झाला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. तीही साधी सवय, जेवणासोबत फळ खाण्यासारखी.

डब्यांचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, माझ्यासारखीला तो उलटा पडतो. जे डोळ्यांआड गेलं ते माझ्यापुरतं घरातून गेलं. फ्रिजच्या खालच्या ट्रेमध्ये किती जुड्या कोथिंबीर काळी पडली याची गणती नाही. आता कोथिंबीर, पालक वरच्या फळीवर डोळ्यांसमोर असतात आणि ट्रेमध्ये लोणचं, सॉस, जॅम. स्वयंपाकघरातल्या दोन कपाटांची दारं सुताराकडून काढून घेतली, डाळी काचेच्या बरण्यांत. एकदा घातलेल्या, पण धुवायला न टाकायच्या कपड्यांसाठी दारामागे आठ खुंट्या. त्याआधी ते सगळे खुर्चीवर असायचे.

खुंट्या ठोकताना माझी आजी आठवली. नारायण बागेतल्या तिच्या घरात भिंतभर खुंट्या होत्या, कोनाडे होते, उघडं फडताळ होतं. वस्तू मोजक्या आणि सगळ्या समोर. पापड लाटायला दोन जावा, गहू निवडायला शेजारची काकू, पांघरुणांच्या घड्या घालायला दुसऱ्या टोकाला कुणीतरी. आजीला एडीएचडी होता की नव्हता ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण एकटीने बसून काही आवरताना मी तिला पाहिलेलं नाही. आमच्या पिढीला फ्लॅट मिळाला, बंद कपाटं मिळाली, वस्तू चौपट झाल्या आणि सोबत गेली.

इंदूरकरांना तर हे कळायला हवं. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर २५वं होतं, २०१७ मध्ये पहिलं आलं. एका वर्षात लाखो माणसांचा आळस गेला का? कचऱ्याची गाडी दारात, ठरल्या वेळी, गाणं वाजवत येऊ लागली आणि कुठला कचरा कुठल्या कप्प्यात ते गाडीवरच दिसू लागलं. माझ्या घरात कधीही न चुकलेलं एकच काम आहे, कचरा देणं. कोपऱ्यावर गाणं ऐकू आलं की मी उठते. तसंच आता बाकीच्या कामांना केलं आहे: सात वाजता अलार्म वाजला की फक्त ओटा, पंधरा मिनिटं, मग थांबायचं.

गोळ्यांबद्दल एवढंच. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध अनेक दशकं वापरात आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. घ्यायचं की नाही ते पेशंट आणि डॉक्टर ठरवतील, ग्रुप नाही. गोळीने कपाट आवरत नाही, पण सुरू केलेली घडी पुरी होते.

मेसेजातलं एक मात्र मान्य आहे. पसाऱ्याचा त्रास घरातल्या इतरांना होतो. माझ्या नवऱ्याने कित्येक सकाळी गाडीची किल्ली शोधली आहे, आणि त्याची चिडचिड खोटी नव्हती. किल्लीचा हुक त्यानेच दाराशी लावला.

आत्याबाई, तुम्ही मेसेज काळजीने पाठवलात हे मला ठाऊक आहे. शनिवारी दुपारी मी माळा आवरायला काढणार आहे. तुम्ही याल का? हात लावू नका, नुसत्या स्टुलावर बसा आणि मामंजींच्या लहानपणीच्या गोष्टी सांगा. चहा मी करीन.